वन्संची गाडी पाडण्याची नोकरी

४ फेब्रुवारी

पाडली! आजच्या सरावात वन्संची गाडी मंगळावर उतरता उतरता अशी आपटली की पडद्यावर 'संपर्क नाही' एवढंच उरलं. वन्संनी मान वळवून काचेपलीकडे माझ्याकडे बघितलं. मी बिस्किट चहात बुडवत होते. बुडवलं, खाल्लं आणि हात हलवला.

नवी वही आहे, तेव्हा तिला माणसांची ओळख करून द्यायला हवी. वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, मला वहिनी म्हणते, घरात आमचं अगं-तुगं चालतं. पण ऑफिसात ती उतरवणीची प्रमुख, म्हणून तिथे मी तिला मुद्दाम 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणते. तिला ते मुळीच आवडत नाही. म्हणूनच म्हणते. गाडी म्हणजे सहा चाकांचं यंत्र, जे खरोखरच मंगळाच्या वाटेला लागलंय आणि एप्रिलात पोचेल. आणि मी? कागदोपत्री 'सराव नियंत्रक'. खरं काम एकच — दर सरावाला संगणकातल्या खोट्या गाडीत एखादा बिघाड घुसडायचा, कोणाला सांगायचं नाही, आणि उतरवणीवाले काय करतात ते काचेमागून बघत बसायचं. अख्खं ऑफिस मला तोंडावर वहिनी म्हणतं, पाठीमागे कळलावी. मला दुसरं जास्त आवडतं.

साहेबांनी मला या खुर्चीत बसवलं तेव्हा वन्संनी कपाळावर हात मारून घेतला असणार. नणंदेला छळायचा पगार मिळणारी भावजय जगात दुसरी नसेल!

५ फेब्रुवारी

वन्सं बोलत नाहीत. म्हणजे सराव उत्तम झाला.

९ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज माझी उलटतपासणी घेतली. त्यांचं बरं आहे — वन्संचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत, सकाळ त्या लेकीकडे काढतात, दुपार आमच्याकडे, आणि दोन्हीकडच्या बातम्या दोन्हीकडे पोचवतात.

"मला एक सांग, तुम्ही तिथे बसून गाडी चालवता ना?"

म्हटलं, नाही. मंगळावरून निरोप यायला अकरा मिनिटं लागतात. आणि गाडी तिथल्या हवेत शिरल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत सातच. म्हणजे 'हवेत शिरले' असा तिचा निरोप आम्हाला मिळेल तेव्हा ती कधीच खाली पोचलेली असेल.

"पोचलेली का पडलेली?"

"ते चार मिनिटं आधीच ठरलेलं असेल. आम्हाला नंतर कळणार."

"मग तुम्ही एवढी माणसं तिथे करता काय?"

"बघतो."

"बघायला पगार?"

सासूबाईंपुढे विज्ञानाने हात टेकले. मी सांगत बसले की उष्णतेची ढाल, मग छत्री, मग जमीन किती खाली आहे ते बघणारा रडार, मग इंजिनं, हे सगळं गाडीने एकटीनेच करायचं असतं. आम्ही फक्त आधी पढवून ठेवतो. उतरायच्या दिवशी दुपारी बारापर्यंत शेवटच्या सूचना पाठवता येतात. त्यानंतर हात आवरायचे. वन्संचा नियमच आहे — बाराला सगळ्यांनी आपापला कीबोर्ड टेबलावर उलटा ठेवायचा. बटणं खाली, पोट वर. कोणाला ऐन वेळी बुद्धी सुचायला नको.

"शहाणी आहे माझी लेक," सासूबाई म्हणाल्या आणि हे सांगायला लगेच भिंतीपलीकडे गेल्या.

१४ फेब्रुवारी

आज बिघाड: छत्री उघडल्याचा निरोपच येऊ दिला नाही. छत्री उघडलेली होती! फक्त निरोप गायब. साहेब उठून उभे राहिले आणि नेहमीचं ओरडले, "अरे, काहीतरी करा!" हे त्यांचं टोपणनावच आहे. बाथरूमचा नळ गळत असला तरी ते दारात उभं राहून हेच म्हणतील.

वन्संनी कीबोर्डकडे हात नेला. उलटा होता. हात मागे घेतला. चार मिनिटांनी गाडी सुखरूप उतरल्याचं कळलं.

मला थोडंसं वाईट वाटलं. पडली नाही म्हणून.

२० फेब्रुवारी

वन्संच्या टेबलावर एक फोटो असतो. घरच्यांचा नाही, खड्ड्याचा. मंगळावरचा तो खड्डा त्यांच्या पहिल्या गाडीने पाडलेला. त्या वेळी शेवटच्या तासाला एक आकडा किंचित इकडेतिकडे दिसला, साहेबांनी 'काहीतरी करा'चा घोष लावला, आणि वन्संनी एक सूचना पाठवली. ती पाठवली नसती तर गाडी उतरली असती, हे नंतर कळलं. पुढे भूगर्भवाल्यांनी त्या खड्ड्याच्या आतल्या मातीवर तीन निबंध लिहिले आणि आभारात वन्संचं नाव घातलं. मेल्यांना लाज नाही!

आम्ही त्यावर विनोद करतो. वन्संही करतात. पण नव्या माणसाने फोटोबद्दल विचारलं तर त्या पेन शोधायला लागतात.

२ मार्च

सासूबाई आज मागच्या दाराने आल्या. आमच्याकडे मागचं दार गॅलरीतून आहे, तिथून यायचं तर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या चुकवाव्या लागतात, म्हणजे काम महत्त्वाचं होतं.

"ती पोळलेली आहे," म्हणाल्या. "ही पण गाडी पडली तर नोकरी सोडीन म्हणते. माझ्यापाशी नाही म्हणाली, फोनवर मैत्रिणीला सांगत होती. मी भिंतीला कान लावला होता."

"बरं मग?"

"मग काय! शेवटचा सराव जरा सोपा ठेव. जिंकू दे तिला. आत्मविश्वास येईल."

मी कानांवर हात ठेवले. नियम आहे, घरात सरावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सासूबाईंनी माझे हात कानांवरून काढले आणि म्हणाल्या, "मी तुझी सासू आहे, नियम नाही."

त्या गेल्या. म्हणजे नोकरी सोडणार? मग मी कोणाची गाडी पाडू?

आणि खरं लिहायचं तर — ती सोडून गेलेली मला चालणार नाही.

६ मार्च

शेवटच्या सरावासाठी काही म्हणता काही सुचत नाहीये. रडार आंधळा करून झाला. वारा फिरवून झाला. एकदा तर वीजच घालवली होती, गाडीची नाही, ऑफिसची! सगळं त्यांना पाठ झालंय. मी बिघाड घुसडायच्या आधी ओळखतात. रडारवाला आज लिफ्टमध्ये म्हणाला, "वहिनी, माझ्या रडाराला काही करणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, मी घरून डबा आणणार नाही, भूक मरते." हा गडी रडाराबद्दल जावयाबद्दल बोलल्यासारखा बोलतो. त्याला गरम होतं, त्याला आवडत नाही, त्याची तब्येत!

९ मार्च

सुचलं! आणि तेही नवऱ्यामुळे. त्याला सांगणार नाही, फुगून बसेल.

तो दातांचा डॉक्टर. संध्याकाळी चहा घेताना सांगत होता की शिकत असताना एकदा सरांनी त्याच्यापुढे एक रोगी बसवला आणि म्हणाले, शोध कुठला दात दुखतोय. याने तासभर ठोकून बघितलं, फोटो काढले, आणि एका दाढेवर संशय घेऊन सुई भरली. रोगी उठून पळाला. तो सरांचा मेव्हणा होता, दात सगळे धड! "काहीतरी असणारच या खात्रीनेच मी तोंडात बघितलं," नवरा म्हणाला. "हात शिवशिवत होते नुसते."

मी चहा तसाच ठेवून उठले.

शेवटच्या सरावात मी काय करणार? काहीच नाही! एकसुद्धा बिघाड नाही. धडधाकट गाडी देणार आणि बिस्किटं खात बसणार.

सासूबाई, घ्या, याहून सोपा सराव असतो का?

१७ मार्च

पाडली. मी नाही. त्यांनीच.

सकाळपासून सगळे शिकारी कुत्र्यांसारखे वास घेत होते. कळलावीने काय पेरलंय? कुठे पेरलंय? मी काचेमागे निरागस चेहरा करून बसले, त्यामुळे संशय आणखीच वाढला. साडेदहाला रडारवाल्याला रडार नेहमीपेक्षा किंचित गरम वाटला. किंचित! उन्हात उभं राहिलेलं माणूस होतं तितका. "सापडलं!" कोणीतरी टाळी वाजवली. साहेब उठले. "काहीतरी करा!" वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

आणि त्यांनी सूचना पाठवली — रडार बंद करून पुन्हा चालू.

पुन्हा चालू झालेला रडार पढवलेलं सगळं विसरून कोरा झाला. त्याला परत पढवेपर्यंत बारा वाजले. कीबोर्ड उलटे. संध्याकाळी गाडी छत्रीखाली लटकत जमीन शोधत राहिली आणि तिला जमीन सापडली ती आपटल्यावर.

सराव संपल्यावर वन्सं काचेच्या खोलीत आल्या. "काय होतं? रडारात काय घातलं होतंस?"

"काही नाही."

"म्हणजे कशात घातलं होतंस?"

"कशातच नाही. गाडी धड होती."

मला वाटलं होतं, हसेल. निदान शिव्या तरी देईल. तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, "वहिनी, तीच चूक. हुबेहूब तीच. तू मला पुन्हा तेच करायला लावलंस."

"मी काही केलं नाही!"

"तेच तर!"

मला राग आला. म्हटलं, "मला इथे साहेबांनी बसवलंय. तक्रार असेल तर त्यांच्याकडे जा." ती काहीतरी बोलायला गेली, तोंड मिटलं, आणि दार लावून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१८ मार्च

वन्सं बोलत नाहीत. या वेळी छान वाटत नाहीये.

२२ मार्च

सासूबाईही बोलत नाहीत. दुपारी येतात, भांडी आवाज करून घासतात, जातात. नवऱ्याला मेव्हण्याच्या गोष्टीचा आणि सरावाचा संबंध आज कळला आणि त्याची पाचावर धारण बसली. "तिला सांगू नकोस हं मी सांगितलं होतं! तिच्या अक्कलदाढेचं काम माझ्याकडे बाकी आहे, तोंड उघडायची नाही ती माझ्यापुढे!"

एवढ्या दुःखातही मला हसू आलं.

३० मार्च

मी चुकले का? सारखं तेच मनात येतंय. सोपा सराव दिला असता, ती जिंकली असती, सगळे पेढ्यासारखे गोड वागले असते. पण मग खऱ्या दिवशी? खरी गाडी काही तिची भावजय नाही. आईसुद्धा नाही. ती कोणाकडे बघून उतरणार नाही.

असं मी स्वतःला समजावते. मग भिंतीपलीकडे तिचा रेडिओ लागतो आणि समजूत निघून जाते.

१८ एप्रिल, दुपार

बाथरूममध्ये बसून लिहितेय. उतरायचा दिवस. खरा बिघाड आला. माझा नाही! पुढचं उद्या लिहीन, लिहिण्यासारखं काही उरलं तर.

१९ एप्रिल

आता नीट लिहिते.

काल सकाळी मी नेहमीप्रमाणे काचेमागे जाऊन बसले. खऱ्या उतरवणीत माझं काहीच काम नसतं, पण सवयीने गेले, आणि तिथून चांगलं दिसतं. अकराच्या सुमाराला रडारवाला म्हणाला, "रडार गरम आहे. मागच्या वेळेपेक्षा जास्त."

आणि अख्खी खोली हसली!

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. एकाने बोट नाचवलं. दुसरा म्हणाला, "वहिनी, आज तरी सोडा की!" कोणीतरी म्हणालं, तोच विनोद दोनदा नाही चालत. इतके महिने जे जे वाईट झालं ते मीच केलेलं, म्हणून खरोखर वाईट झालं तरी तेही माझंच, असं धरून बसले होते बिचारे. मी शिकवलेले गडी! मी दोन्ही तळहात काचेला लावले आणि मान हलवली. नाही. नाही. माझं नाही.

हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. वन्सं शेवटपर्यंत हसल्या नव्हत्याच. महिनाभर ज्या बाईने माझ्याकडे बघितलं नव्हतं तिने माइक चालू केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, तुझं आहे?"

"नाही गं," मी म्हटलं. "शपथ."

'तुम्ही' म्हणायचं राहूनच गेलं.

साहेब ताडकन उठले. "काहीतरी करा! तासभर आहे अजून! बंद करून चालू करा, काहीतरी करा!"

वन्संनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. रडारवाल्याला विचारलं, "एवढी उष्णता त्याला सोसेल?"

"सोसेल. पण आवडत नाही."

"कोणाला? त्याला?"

रडारवाला घुटमळला. "मला," म्हणाला.

"जमीन दिसतेय का त्याला, चाचणीत?"

"स्वच्छ दिसेल. चाचणी बरोबर आलीय."

वन्सं पडद्याकडे वळल्या. मला त्यांची पाठ दिसत होती आणि टेबलावरचा खड्ड्याचा फोटो. मग त्यांनी आपला कीबोर्ड उचलला आणि उलटा ठेवला. बाराला पाऊण तास होता! मग रडारवाल्याने आपला उलटा केला. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. साहेबांकडे कीबोर्ड नसतो. ते इकडेतिकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनी आपला रिकामा कप पालथा घातला. मी शप्पथ सांगते, त्या क्षणी मला साहेब आवडले.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले, वही काढली, वर लिहिलंय तेवढं लिहिलं.

पुढे वाट बघणं. 'हवेत शिरले' असा निरोप आला तेव्हा माझ्या डोक्यात सासूबाई बोलत होत्या, पोचलेली का पडलेली? ढाल टिकली. छत्री उघडली. मग रडाराची पाळी. आणि निरोप थांबले. पडदा नुसता बसून. रडारवाला डोळे मिटून पुटपुटत होता, चल रे, चल रे बाबा. साहेबांनी तोंड उघडलं आणि दोन्ही हातांनी झाकलं.

मग एक ओळ आली: जमीन दिसली.

पुढची ओळ: इंजिनं चालू.

आणि मग ती. 'उतरले. उभी आहे. सहाही चाकं टेकली.'

कोण कोणाच्या गळ्यात पडलं ते आठवत नाही. वन्सं मात्र सरळ काचेच्या खोलीत आल्या. मला वाटलं, आता मिठी मारणार. माझ्या पुड्यातलं शेवटचं बिस्किट उचललं, खाल्लं आणि गेल्या. ठसका लागला मला, बिस्किट खाल्लं तिने!

२३ एप्रिल

रडारवाल्याने शोधून काढलं. रडाराचा बंद-चालू करायचा खटका अर्धवट जळला होता, म्हणून तो तापत होता. एकदा बंद केला असता तर परत चालूच झाला नसता. दुसरा खड्डा नक्की होता.

हे ऐकल्यावर वन्संनी एवढंच म्हटलं, "हं." आणि खड्ड्याच्या फोटोच्या चौकटीतच, त्याच्यावर, चाकांचा नवा फोटो सरकवला. जुना काढला नाही.

नवऱ्याने आज बहिणीची अक्कलदाढ काढली. एकच. आधी तीनदा तपासून.

३ मे

सासूबाई बोलायला लागल्या. म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, शेवटचा सराव सोपा ठेव म्हणून. ठेवलास, बघ किती फायदा झाला." मी मूग गिळून गप्प!

१२ मे

आदेश आला. पुढच्या गाडीची उतरवणी माझ्याकडे! आणि काचेमागच्या खुर्चीत वन्सं. स्वतः मागून घेतली म्हणे.

तणतणत गेले. ती माझ्या खुर्चीत बसली होती. म्हटलं, "साहेबांनी हे असं परस्पर कसं ठरवलं?"

"साहेब कधी काही ठरवतात का? तुलाही इथे मीच मागून घेतलं होतं. पहिली गाडी पडल्यावर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले गं. म्हटलं, माझी कीव न करणारं एकच माणूस आहे, भिंतीपलीकडे राहतं."

माझे डोळे भरून आले.

तिने बिस्किट चहात बुडवलं, खाल्लं आणि हात हलवला.